जुन्या सीडीतील छायाचित्रांचे ई-पुस्तक

अनेक घरांच्या कपाटांत आज दोन प्रकारचे अल्बम सापडतात. एक काळ्या पानांचा, छायाचित्राखाली नाव आणि तारीख लिहिलेला. दुसरा म्हणजे २००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेऱ्याने टिपून सीडीवर उतरवून ठेवलेल्या शेकडो फाइलींचा. पहिला अल्बम आजही सहज उघडतो. दुसरा मात्र वीस वर्षांतच मुका झाला आहे. बहुतेक नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो आणि ‘डीएससी००४२’ अशा नावामागे कोण दडले आहे, हे घरातील एखाद्या ज्येष्ठालाच ठाऊक असते. निवडक छायाचित्रांचे ई-पुस्तक तयार करणे, हा त्यावरील एक स्वस्त आणि सोपा उपाय आहे.

आधी प्रत, मग काम

घरी ‘राइट’ केलेल्या सीडीवर माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात नोंदवलेली असते. उष्णता व प्रकाशाने हा थर खराब होतो. त्यामुळे यूएसबीने जोडता येणारा सीडी ड्राइव्ह मिळवून सर्व फाइली प्रथम संगणकावर आणि आणखी एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. पुढील सर्व काम प्रतींवरच करावे. जेपीईजी फाइल फेरफार करून पुन्हा पुन्हा साठवली, की दर वेळी तिच्यातील थोडा तपशील नाहीसा होतो.

स्वरूप कोणते?

मुख्य पर्याय दोन. पीडीएफमध्ये पानाची मांडणी कायम राहते, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात. २००७ मध्ये मानक म्हणून पुढे आलेल्या ‘ईपब’ स्वरूपात मजकूर पडद्याच्या आकारानुसार स्वतःला जुळवून घेतो. एक छायाचित्र आणि त्याखाली चार ओळी, अशा कौटुंबिक पुस्तकाला ईपब अधिक सोयीचे. त्यात जेपीईजी व पीएनजी चित्रे चालतात. जुन्या स्कॅनरवरील टिफ किंवा बीएमपी फाइली आधी बदलून घ्याव्या लागतात. शाईसारख्या पडद्याच्या बहुतेक वाचनयंत्रांवर चित्रे कृष्णधवल दिसतात, त्यामुळे असे पुस्तक टॅब्लेट किंवा मोबाइलवर पाहणेच बरे.

दोन मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याचे छायाचित्र साधारण १६०० बाय १२०० बिंदूंचे असते. ते आहे तसे वापरता येते. मोठ्या छायाचित्रांची लांब बाजू प्रतीमध्ये दोन हजार बिंदूंपर्यंत आणावी. प्रत्येक चित्र अर्धा एमबी धरले, तर शंभर चित्रांचे पुस्तक ५० एमबीच्या आसपास होते.

पुस्तक बांधताना

‘लिबरऑफिस रायटर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून ईपब तयार करण्याची सोय आहे. छायाचित्रे क्रमाने लावून प्रत्येक प्रकरणाला ‘हेडिंग’ द्यावे, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मुखपृष्ठ बदलणे, शीर्षक सुधारणे आणि शेवटची तपासणी यांसाठी ‘कॅलिबर’ हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील ओळी दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात.

तारखांबाबतही सावध राहावे. छायाचित्र कधी टिपले, याची नोंद कॅमेरा फाइलमध्येच करून ठेवतो. मात्र बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यास अनेक कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळ तारखेवर परत जात असे. त्यामुळे गणपतीच्या आरतीच्या छायाचित्रावर १ जानेवारीची तारीख असू शकते. अशा वेळी यंत्रापेक्षा घरातील माणसांच्या आठवणीवर विसंबावे.

खरा वेळ लागतो तो निवडीला आणि ओळी लिहिण्याला. हजार फाइलींतून शंभर निवडाव्यात, ज्येष्ठांना शेजारी बसवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, नाते, गाव आणि प्रसंग नोंदवावा. पुस्तक तयार झाले तरी मूळ फाइली टाकून देऊ नयेत. पुस्तकातील चित्रे लहान केलेली असतात आणि पुढे मोठी छपाई करायची झाल्यास मूळ फाइलच लागते. फाइलींची प्रत कोणत्याही रविवारी काढता येईल. चेहऱ्यांची नावे सांगणारे मात्र घरात आहेत तोवरच विचारून घ्यायला हवे.