'जन्मजात गुन्हेगार' जमाती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट अशी नावे निघाली की 'चोरी यांच्या रक्तातच असते' हे वाक्य महाराष्ट्रात आजही सर्रास ऐकू येते. बोलणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. रक्त तपासून चोर ओळखता आला असता, तर पोलीस ठाण्यांची गरजच उरली नसती.

जमातच्या जमात गुन्हेगार ठरवली ती इंग्रज सरकारच्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने. हा कायदा १८७१ साली आधी उत्तर हिंदुस्थानात आला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. त्यासाठी कोणा एकावर गुन्हा शाबीत व्हावा लागत नव्हता. अधिसूचनेत जमातीचे नाव आले की काम झाले. त्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासायची नाही, अशी तरतूद मूळ कायद्यातच होती. म्हणजे पाळण्यातले पोरही संशयित. नोंद झालेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. पासाविना सापडला की तोच गुन्हा. त्याची शिक्षा भोगून आला की 'हा तर जेलमध्ये जाऊन आलेला', म्हणून संशय आणखी पक्का. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये ठेवले जाई.

यातल्या काहींचे मूळ धंदेही विसरले जातात. बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव पोचवणाऱ्या भटक्यांचा व्यापार रेल्वेने आणि सरकारच्या मीठ-धोरणाने बसवला. पोट हातावर, त्यात कपाळी शिक्का. मग काम कोण देणार? काहींनी चोऱ्या केल्याही. पण त्या का झाल्या हे समजायला रक्ताची गरज पडत नाही.

एडविन लेमर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये आगळिकीच्या दोन प्रकारांतला फरक मांडला. पहिली आगळीक कोणत्याही कारणाने घडू शकते. 'चोर' म्हणून वागवले गेल्यावर माणूस त्याच ओळखीभोवती जगणे बेतू लागतो, तेव्हाची आगळीक निराळी. हॉवर्ड बेकरच्या 'आउटसायडर्स' (१९६३) या पुस्तकाने ही विचारसरणी लेबलिंग सिद्धांत म्हणून रुजवली.

'मग पोलिसांच्या नोंदीत त्यांचीच नावे का?' असा प्रश्न हमखास येतो. जिथे शोधावे तिथे सापडते, म्हणून. विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये एका अमेरिकन शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खात्यापित्या घरची आठ मुले शाळा बुडवत, दारू पीत, बेफाम गाड्या हाकत, तोडफोड करत; अभ्यासाच्या काळात त्यांतल्या एकालाही अटक झाली नाही. गरीब घरच्या सहा मुलांचे उद्योग साधारण तेवढेच, पण ती उघड्यावर भेटत आणि पोलिसांशी उद्धट बोलत. त्यांच्यामागे पोलिसांचा ससेमिरा कायम राहिला.

लेबलिंग सिद्धांत गुन्हेगाराला निर्दोष ठरवतो, हाही गैरसमजच. पहिली चोरी का झाली, हे तो सांगतच नाही आणि ही त्याची खरी मर्यादा आहे.

जमातीवर शिक्का मारण्याचा दोष केवळ इंग्रजांचा, असेही नाही. जातिव्यवस्थेने जन्मावरून धंदा ठरवलेलाच होता, सरकारने त्याच तर्काला कायदेशीर रूप दिले.

आणि '१९५२ ला सगळे संपले' हे अर्धसत्य आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे केले, मुंबई राज्याने १९५९ मध्ये. कागदावर त्यात जात नाही, व्यक्ती आहे. तरीही तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांना सराईत मानणारे उल्लेख उरले होतेच. त्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.