एकघाती असमतांचे चढ-आंतरछेद रूप आणि फूर्ये यांची निरसनपद्धती

दोन चलांतील एकघाती समीकरण य = मक्ष + क या रूपात मांडले, म्हणजे रेषेचा चढ म आणि य-अक्षावरील आंतरछेद क ही दोन्ही एकदम दृष्टीस पडतात, हे शालेय गणिताच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते. असमतेच्या बाबतीत मात्र याच मांडणीतून आणखी एक गोष्ट हाती येते. ती रेषेहून अधिक महत्त्वाची असूनही पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत आटोपली जाते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

पुढील तीन असमता घेऊ :

(१) २क्ष + ३य ≤ १२
(२) क्ष − २य ≤ ६
(३) क्ष − य ≥ −२

यांपैकी प्रत्येक असमता प्रतलाचा एक अर्धभाग दर्शविते. परंतु तो भाग रेषेच्या वरचा की खालचा, हे केवळ चिन्हाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून य एकटा डाव्या बाजूस आणू. पहिलीत अडचण नाही : य ≤ −(२/३)क्ष + ४. दुसरीत पक्षांतराने −२य ≤ −क्ष + ६ असे मिळते व −२ ने भागावे लागते. येथे चिन्ह उलटते. हा नियम पाठ करण्याची वस्तू नव्हे. प ≤ फ असेल, तर दोन्ही बाजूंतून (प + फ) वजा करताच −फ ≤ −प असे मिळते. यापलीकडे त्यात काही नाही. समीकरणात बाजूंची ही अदलाबदल निरुपद्रवी असते, म्हणूनच ती सवयीने नजरेआड होते. अशा रीतीने दुसरी असमता य ≥ (१/२)क्ष − ३ अशी होते, आणि तिसरी य ≤ क्ष + २ अशी. मुळात (१) व (२) यांचे चिन्ह एकच होते. परंतु रूपांतरानंतर (१) व (३) या य च्या वरच्या मर्यादा ठरल्या आणि (२) ही खालची.

ही विभागणी हेच या रूपाचे खरे फळ होय. उष्णतावहनाच्या सिद्धांतामुळे विख्यात असलेले फ्रेंच गणिती जोसेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी १८२० नंतरच्या दशकात असमतांच्या संहतीचा विचार करताना तिचाच आधार घेतला. दिलेल्या क्ष साठी योग्य असा य अस्तित्वात असण्यास एकच गोष्ट आवश्यक व पुरेशी आहे : प्रत्येक खालची मर्यादा प्रत्येक वरच्या मर्यादेहून मोठी नसावी. म्हणून

(१/२)क्ष − ३ ≤ −(२/३)क्ष + ४, म्हणजे क्ष ≤ ६;
(१/२)क्ष − ३ ≤ क्ष + २, म्हणजे क्ष ≥ −१०.

य नाहीसा झाला, आणि क्ष ला −१० ते ६ एवढाच वाव आहे हे कळले. भूमितीच्या भाषेत, तिन्ही रेषांनी वेढलेल्या त्रिकोणाची क्ष-अक्षावर पडलेली ही छाया होय. आता समजा, दुसऱ्या असमतेत भागाकार करताना चिन्ह उलटविण्याचे राहिले. मग तिन्ही मर्यादा वरच्याच ठरतात, खालची एकही उरत नाही, आणि क्ष = १०० सुद्धा ग्राह्य असल्याचा निष्कर्ष निघतो. वस्तुतः तेथे (२) प्रमाणे य किमान ४७ असला पाहिजे, आणि (१) प्रमाणे तर तो ऋण असला पाहिजे! एका चिन्हाच्या चुकीने उत्तर थोडे सरकत नाही. मर्यादित त्रिकोणाचा अमर्याद प्रदेश होतो.

य चा सहगुणक शून्य असेल, तर असमता या रूपात आणताच येत नाही, कारण तिची रेषा य-अक्षास समांतर असते. अशी असमता तशीच पुढे न्यावी. ती मुळातच केवळ क्ष विषयी बोलत असते.

चलांची संख्या कितीही असली तरी हीच कृती एकेक चल काढीत पुढे चालविता येते. थिओडोर मॉट्झकिन यांनी १९३६ साली आपल्या प्रबंधात ती स्वतंत्रपणे मांडली. आज ती दोघांच्याही नावाने ओळखली जाते. तिचा दोष मात्र मोठा आहे. २० असमतांपैकी १० वरच्या व १० खालच्या मर्यादा देत असतील, तर एक चल काढताच १०० असमता होतात. पुन्हा तशीच समान विभागणी झाल्यास २,५००, आणि तिसऱ्या वेळी १५,६२,५००. यांतील बहुतेक अनावश्यक असतात, पण त्या ओळखून काढणे हेही कामच. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली एकघाती नियोजनासाठी योजलेली सिम्प्लेक्स पद्धती या वाटेने जात नाही. ती प्रदेशाच्या एका शिरोबिंदूवरून शेजारच्या शिरोबिंदूवर सरकत जाते.

तरीही फूर्ये यांची पद्धती अडगळीत पडली नाही. संगणकाच्या आज्ञावलीतील दोन आवर्तने स्मृतीतील एकाच स्थानास स्पर्श करतात काय, हा प्रश्न एकघाती असमतांचाच असतो. त्यासाठी विल्यम प्यू यांनी १९९१ मध्ये मांडलेली ओमेगा कसोटी याच निरसनाचा विस्तार आहे. विस्तार आवश्यक झाला, कारण तेथे चले पूर्णांक असतात. ३य ≥ ४ आणि ३य ≤ ५ यांपासून ४/३ ≤ य ≤ ५/३ असे मिळते. खालची मर्यादा वरचीपेक्षा लहान आहे खरी, परंतु त्या दोहोंमध्ये एकही पूर्णांक नाही.