पाहुण्यांना बंदरेच दिली

पालघर जिल्ह्यातल्या नंदाखाल गावापासून सोपारा जवळच. अरबी लेखकांनी 'सुबारा' म्हणून नोंदलेले हे बंदर आता गाळात गेले आहे. हजार वर्षांपूर्वी मात्र या किनाऱ्यावर परदेशी व्यापारी माल उतरवून परत जात नसत, संसार थाटत. अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. 916-17 च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे शिलाहार राजा झंझाची सत्ता होती. वस्तीत दहा हजार मुसलमान असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, इथेच लग्न करून राहिलेले आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे मिटवायला राजा त्यांच्यातलाच प्रमुख नेमत असे.

असे व्यापारी गाव जगात अन्यत्रही होते. रशिया आणि चीनमध्ये 1727 मध्ये क्याख्ताचा तह झाला आणि मंगोलियाच्या सीमेवर रशियन क्याख्तासमोर चिनी मायमायचेंग उभे राहिले. शान्शी प्रांताचे व्यापारी चहा आणत, रशियन फर देत. पण मायमायचेंगमध्ये बायकांना राहायची मनाई होती. दीडशे वर्षांहून अधिक काळ व्यापार चालला, तरी नियमानुसार ते पुरुषांचे तात्पुरते बिऱ्हाडच. 1921 मधल्या एका लढाईत ते जळाले.

आपल्याकडचा प्रकार मला म्हणूनच मोलाचा वाटतो. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या शके 848 (इ. स. 926) च्या ताम्रपटात राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीने संजाण मंडल सांभाळणारा अधिकारी आहे मधुमती. अभ्यासक त्याला मोहम्मद या नावाचा अरब मानतात. तो बंदरांवर आपली माणसे नेमतो, हे राज्यकारभाराचे काम झाले. पण नदी ओलांडणाऱ्यांसाठी त्याने फुकट नावा ठेवल्या, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र काढले, आणि भगवतीच्या मठाला जमीन मिळण्यास संमती दिली! ज्याला आपण परका म्हणतो, त्याने गावच्या देवीच्या मठाची सोय पाहिली, याची नोंद खुद्द तांब्यावर आहे.

शके 956 मध्ये शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने त्याच मठाला तेलाचा घाणा दिला; देवीपुढच्या दिव्यासाठी आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावण्यासाठी तेल. या दानाची वर्दी ज्या नगरजनांना दिली, त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत ही परदेशी वळणाची नावेही आहेत.