आठ बिटांच्या यंत्राचे आठ मानकरी

जपानच्या निन्टेंडो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे लाल-पांढरे यंत्र बाजारात आणले. किंमत होती 14,800 येन. जपानी मुलांच्या तोंडी त्याचे ‘फॅमिकॉम’ झाले. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा त्याच वर्षी कोसळला होता, आणि तिथले दुकानदार असे यंत्र मांडायलाही धजत नव्हते. तरीही ऑक्टोबर 1985 मध्ये फॅमिकॉम नवे रूप घेऊन न्यूयॉर्कच्या दुकानांत पोहोचले. या रूपाचे नाव होते ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’, म्हणजे एनईएस. मोडलेला धंदा त्याने पुन्हा उभा केला. दोन्ही रूपे मिळून जगभरात सुमारे 6 कोटी 19 लाख यंत्रे विकली गेली.

भारतात ‘सामुराई’ या नावाने अधिकृत एनईएस मिळत असे, पण 1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या हाती आला तो फॅमिकॉमची नक्कल असलेला स्वस्त ‘टीव्ही गेम’. त्याच्या कॅसेटवर शेकडो, कधी हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात आत तेच काही खेळ नावे आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. त्यामुळे मारिओ, कॉन्ट्रा आणि टँक हे खेळ इथल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहेत, पण ते ज्या यंत्रासाठी बनले त्याचे खरे नाव पुष्कळांना ठाऊक नाही.

निन्टेंडोचे अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या चमूने घडवलेले हे यंत्र आजच्या मानाने फारच तुटपुंजे होते. त्याचा आठ बिटांचा प्रोसेसर 1.79 मेगाहर्ट्‌झ वेगाने चाले. कामकाजाची मेमरी होती 2 किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या हजारपट जागा घेतो. पडद्यावर एका वेळी 25च्या आसपास रंग दिसत. हलणारे तुकडे जास्तीत जास्त 64 आणि एका आडव्या रेषेवर फक्त 8. गर्दी याहून वाढली की चित्रे लुकलुकू लागत. या यंत्राचे उत्तम खेळ याच अडचणींशी झुंजून घडले, आणि त्यांची क्रमवारी लावताना हे विसरून चालत नाही.

पुढची क्रमवारी तीन कसोट्यांवर लावली आहे. बटण दाबताच पडद्यावरचे पात्र किती चोख साथ देते, ही पहिली. यंत्राच्या मर्यादेत खेळाने किती साधले, ही दुसरी. आणि आज पहिल्यांदाच खेळणाऱ्यालाही तो धरून ठेवतो का, ही तिसरी. विक्रीच्या आकड्यांना यात वेगळे गुण नाहीत.

8. डक हंट (1984)

गवतातून बदके उडतात आणि खेळणारा प्लॅस्टिकच्या बंदुकीने टीव्हीवर नेम धरतो. या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो. चाप ओढताच पडदा क्षणार्धासाठी पूर्ण काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही चित्र ज्या गतीने उमटवत, त्यावर हा हिशेब बेतलेला होता. म्हणूनच आजच्या सपाट पडद्यावर ही बंदूक चालत नाही. कल्पना अजोड आहे, पण खेळ लवकर तोच तो वाटू लागतो, म्हणून क्रमांक आठवा.

7. बॅटल सिटी (1985)

नॅमको कंपनीचा हा खेळ भारतात ‘टँक’ म्हणून ओळखला गेला. विटांच्या भिंतीआड गरुडाचे चिन्ह असलेला तळ आणि प्रत्येक लेव्हलला चालून येणारे 20 शत्रू रणगाडे, एवढेच त्याचे सूत्र. विटा फुटतात, पोलाद साध्या गोळ्यांना दाद देत नाही, झाडी रणगाड्यांना लपवते, बर्फावर घसरायला होते. फावडे मिळाले की तळाभोवतीची भिंत काही काळ पोलादी होते. दोघांनी एकत्र खेळायचे, पण सोबत्याची गोळी लागली की आपला रणगाडा जागीच खिळतो; त्यामुळे एकमेकांचा अंदाज घेत खेळावे लागते. शिवाय स्वतःचे मैदान रचण्याची सोय आहे. अमेरिकेत हा खेळ एनईएसवर अधिकृतपणे आलाच नाही, म्हणून तिथल्या याद्यांत तो सहसा सापडत नाही.

6. मेगा मॅन 2 (1988)

कॅपकॉमच्या या खेळात सुरुवातीलाच आठ रोबो-शत्रू समोर मांडलेले असतात आणि कुणाशी आधी लढायचे हे खेळणारा ठरवतो. हरवलेल्या प्रत्येकाचे अस्त्र मेगा मॅनला मिळते आणि ते दुसऱ्या कुणावर तरी विशेष चालते. बबल मॅनचे अस्त्र हीट मॅनला भारी पडते, तर हीट मॅनच्या आगीपुढे लाकडाच्या वुड मॅनचा टिकाव लागत नाही. त्यामुळे चपळ बोटांइतकेच डोकेही लागते. पासवर्ड लिहून ठेवला की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. संगीताच्या बाबतीत या यंत्रावर त्याची बरोबरी करणारे खेळ फार थोडे आहेत.

5. कॉन्ट्रा (1988)

कोनामीचा हा खेळ आधी पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर आला आणि मग घरात. आठ टप्पे, तीन लाइफ, आणि एकच गोळी किंवा नुसता स्पर्श झाला तरी लाइफ जाते. कठोर असूनही तो अन्यायी वाटत नाही, कारण बरेचसे शत्रू ठरलेल्या ठिकाणी येतात आणि चूक कुठे झाली ते लगेच कळते. दोघांच्या खेळाची खरी परीक्षा धबधब्याच्या टप्प्यावर होते. एक जण घाईने वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेल्याची लाइफ जाते. जोडीदाराला सोबत घेऊन चालणे म्हणजे काय, हे इथे एकही शब्द न वापरता शिकवले जाते.

या खेळाशी जोडलेली युक्ती जगभर पसरली. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए अशी बटणे दाबली की 30 लाइफ मिळतात. तिचा उगम मात्र कोनामीच्याच 1986च्या ‘ग्रॅडियस’मध्ये आहे. तिथले प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी तो खेळ फार अवघड जाऊ लागला, म्हणून सगळी शस्त्रे एकदम देणारी ही सोय त्यांनी करून घेतली आणि ती खेळात तशीच राहिली.

4. टेट्रिस (1989)

अलेक्सी पाझित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत टेट्रिस रचला. त्यातले सात आकार, त्यांची घसरण आणि भरलेली ओळ नाहीशी होणे, हे एखाद्या लहान मुलालाही मिनिटभरात समजते. निन्टेंडोच्या आवृत्तीत 29व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. वर्षानुवर्षे हाच खेळाचा शेवट मानला गेला. पुढे खेळाडूंनी बटण दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या. त्यातल्या एका पद्धतीत एक बोट बटणावर ठेवून कंट्रोलरच्या पाठीवर बाकीची बोटे एकामागून एक आपटतात. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या 13 वर्षांच्या एका मुलाने 157व्या लेव्हलपर्यंत मजल मारली आणि तिथे प्रोग्रामच बंद पडला. चौतीस वर्षे माणसे ज्याची हद्द शोधत राहिली, तो खेळ आजही ताजा आहे हे वेगळे सांगायला नको.

3. द लेजंड ऑफ झेल्डा (1986)

निन्टेंडोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी डोंगर, रान आणि गुहा धुंडाळण्यात गेले होते. त्या भटकंतीतला आनंद त्यांनी या खेळात आणला. सुरुवातीला खेळणारा एका मोकळ्या जागी उभा असतो. हातात तलवारही नसते. ती समोरच्या गुहेतला म्हातारा देतो. त्यानंतर 128 पडद्यांचा प्रदेश आणि नऊ भुयारे. कोणती झुडपे जाळायची, कोणता कडा सुरुंगाने फोडायचा, हे ज्याचे त्याने शोधायचे. अमेरिकेत 1987 मध्ये आलेल्या सोनेरी कॅसेटमध्ये बॅटरी होती, त्यामुळे यंत्र बंद केले तरी खेळ जतन राहत असे. इतका मोठा प्रवास घरच्या टीव्हीवर शक्य झाला तो त्यामुळेच. काही वाटा मात्र इतक्या दडवलेल्या आहेत की मित्रांच्या किंवा मासिकांच्या मदतीवाचून त्या सापडणे कठीण, म्हणून तो तिसऱ्या स्थानी थांबतो.

2. सुपर मारिओ ब्रदर्स 3 (1988)

पडदा उघडतो आणि सगळा खेळ रंगमंचावरच्या नाटकासारखा सुरू होतो. आठ राज्ये, प्रत्येकाचा नकाशा, पान मिळाले की शेपूट फुटून उडणारा मारिओ, पाण्यासाठी बेडकाचा पोशाख. जवळजवळ प्रत्येक लेव्हलमध्ये एखादी नवी कल्पना येते आणि कंटाळा येण्याआधीच निघून जाते. कॅसेटमध्ये बसवलेल्या जादा चिपमुळे यंत्राला मुळात अवघड असलेल्या गोष्टी साधल्या: चित्र आडवे-उभे सरकते आणि गुणांची पट्टी मात्र खाली स्थिर राहते. कल्पनांच्या श्रीमंतीत या यंत्रावर त्याला तोड नाही. उणीव एकच, पण मोठी. एवढा लांब खेळ, तरी मूळ कॅसेटमध्ये तो जतन करण्याची सोय नाही आणि पासवर्डही नाही.

1. सुपर मारिओ ब्रदर्स (1985)

मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा खेळ 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानमध्ये आला. एकूण 32 लेव्हल, शत्रू, चित्रे आणि कोजी कोंदो यांचे संगीत, हे सगळे फक्त 40 किलोबाइटमध्ये मावले आहे. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांना एकच आकृती वापरली. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. हे कळल्यावरही खेळताना खटकत नाही, यातच रचनाकारांचे कसब आहे.

पहिल्या क्रमांकाचे खरे कारण पहिल्या लेव्हलमध्येच दिसते. मारिओ डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे जागा मोकळी असते, म्हणजे कुठे जायचे ते न सांगता समजते. समोरून पहिला शत्रू येतो तेव्हा उडी मारणे भाग पडते. डोक्यावरच्या चौकोनाला धडक बसली की मश्रूम बाहेर पडतो, पुढच्या पाइपावर आपटून मारिओकडेच वळतो आणि तो खाल्ला की मारिओ मोठा होतो. लेव्हलच्या अखेरीस दोन जिने समोरासमोर येतात आणि त्यांच्या मध्ये भक्कम जमीन असते. लगेच पुढे तसेच दोन जिने येतात, पण मध्ये खड्डा असतो. आधी सुरक्षित सराव, मग तीच उडी जिवावर बेतणारी. सूचनांचे एक अक्षरही न वाचता खेळणारा सगळे नियम शिकतो. इंग्रजी किंवा जपानी न येणारी मुलेही त्यात लगेच रमली, ती याच कारणाने.

उडीची घडणही तितकीच विचारपूर्वक आहे. बटण जितके दाबून धरावे तितकी उडी उंच, धावत मारली तर आणखी लांब. आणि हवेत असतानाही मारिओला थोडे वळवता येते. चूक झाली की दोष यंत्राला देता येत नाही. तिसरा मारिओ अधिक श्रीमंत असला तरी त्याचा पाया हीच उडी आहे, आणि पहिला मारिओ एका बैठकीत पूर्ण होऊ शकतो. तिन्ही कसोट्यांवर तोच सरस ठरतो.

यादीबाहेरचे

‘मेट्रॉइड’ (1986) हा एकाकी, गूढ वातावरणाचा खेळ थोडक्यात बाहेर राहिला, कारण नकाशा नसल्याने नवखा खेळाडू त्यात हरवून जातो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (1986) आणि ‘फायनल फँटसी’ (1987) हे जपानमध्ये वाढलेल्या पिढीच्या यादीत हक्काने असतात. पण त्यांची गोडी संवादांत आहे, आणि वाचता न येणाऱ्या लिपीतल्या कॅसेटमधून ती पोहोचत नाही. भारतात गाजलेले खेळ पाहिले तर त्यांत वाचण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. म्हणजे आवडीची यादी बनताना खेळाच्या गुणांइतकाच कोणती कॅसेट कुठल्या देशात पोहोचली याचाही हात असतो. जपानी, अमेरिकी आणि मराठी खेळाडूंच्या याद्या वेगळ्या निघतात त्या यामुळे; पहिला मारिओ मात्र या तिन्ही याद्यांत सहज बसतो.