शंका कोणी सिद्ध करायची?

फेब्रुवारी १९८६ मध्ये एका जाहीर चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी साधा प्रयोग केला. रबरी कड्याचा तुकडा पकडीत दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला. पकड सैल केल्यावर तो चटकन मूळ आकारात आला नाही. थंडीत त्याची लवचिकता घटली होती.

२८ जानेवारीला चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सातही अंतराळवीर गेले. थंडीने ताठरलेले असेच कडे अग्निबाणाचा सांधा बंद ठेवू शकले नव्हते.

मग हा धोका कोणाला माहीत नव्हता का? होता. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितले होते, की तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उड्डाण नको. नासाचे अधिकारी नाराज झाले आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी सल्ला फिरवला. एरवी ‘उड्डाण सुरक्षित आहे’ हे दाखवावे लागे. त्या रात्री मात्र ‘ते असुरक्षित आहे’ याचा पुरावा अभियंत्यांकडे मागितला गेला.

पुरावा मागणे योग्यच. पण त्याचा सगळा भार शंका घेणाऱ्यावर टाकला, की शंकाच गप्प होते. अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत हा विरोध पोचलाच नाही.

वर्गात प्रमुख आपण असतो. ‘बाई, माझे उत्तर वेगळे येते,’ असे एखादी मुलगी म्हणते, तेव्हा आपण ‘तुझेच चुकले असेल’ म्हणतो, की तिच्याबरोबर तापमापी तपासून पाहतो?