फिरती चित्रे आणि ताजी माहिती

दुकानाच्या दर्शनी भागी पूर्वी एक काळा फळा असे. दुकानदार त्यावर खडूने भाव लिही आणि भाव बदलला म्हणजे जुना आकडा पुसून नवा मांडी. आता बेळगावच्या बाजारपेठेतील मोठ्या दुकानांत व सराफांच्या पेढ्यांवर त्या फळ्याची जागा प्रकाशमान पडद्यांनी घेतली आहे. आपल्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली तयार झाली. तेथील विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. तेथेही विमानांच्या वेळा अशाच पडद्यांवर वाचावयास मिळतात. या पडद्यांमागे कोणते कार्य चालते, ते आपण पाहू.

पडद्यावर दोन निराळ्या गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे दागिन्यांची किंवा वस्त्रांची चित्रफीत. ती रहाटगाडग्याच्या माळेप्रमाणे संपताच पुन्हा आरंभापासून सुरू होते. दुसरी म्हणजे ताजी माहिती : सोन्याचा भाव, विमानाची वेळ, रांगेतील क्रमांक.

चित्रफीत ही फार जड वस्तू आहे. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचे तांबडे, हिरवे व निळे असे तीन अंश, आणि सेकंदाला २५ चित्रे! हे सारे जसेच्या तसे पाठवावयाचे तर दर सेकंदास साडेपंधरा कोटींहून अधिक आकडे धाडावे लागतील. म्हणून एका चित्रातून दुसऱ्यात जेवढे बदलले, मुख्यतः तेवढेच नोंदवून चित्रफीत संक्षिप्त करतात. शिवाय ती बहुधा एकदाच मागवून पडद्यामागील लहानशा संगणकात साठवून ठेवतात. मग तारेचा संबंध तुटला तरी चित्रे फिरत राहतात.

ताजी माहिती याच्या अगदी उलट. तिचा भार चार अक्षरांचा, पण ती वरचेवर आणावी लागते. पडद्यामागील संगणक ठरावीक वेळाने मुख्य संगणकास विचारतो, "काही बदल आहे काय?" उत्तर येताच पडद्यावरील तेवढाच आकडा बदलतो. थोडक्यात, चित्रफीत ही कणगीत एकदा भरून ठेवलेले धान्य होय, तर माहिती हा दुधाचा रोजचा रतीब.

येथेच सावध राहावयास हवे. रतीब चुकला तर काय होते? पुष्कळदा शेवटी आलेला आकडाच पडद्यावर तसाच राहतो. नासलेले दूध वासावरून कळते. शिळ्या माहितीला वास नसतो. उलट शेजारी चित्रे हलत असतात, म्हणून सारेच ताजे आहे, असा आपला समज होतो. कोपऱ्यातील घड्याळही पुरावा नव्हे, कारण ते त्याच लहान संगणकाच्या बळावर चालू शकते. समजा, भाव ग्रॅममागे शंभर रुपयांनी उतरला, पण पडद्यावर जुनाच राहिला. मुलीच्या लग्नासाठी पन्नास ग्रॅम सोने घेणाऱ्या कुटुंबाने त्या आकड्यावर विसंबून पैसे मोजले, तर त्यास पाच हजार रुपयांचा फटका बसेल.

१९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीतील सदोष फेरबदलामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर विमानांची माहिती पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहावी लागली. प्रवाशांची गैरसोय झाली खरी; पण बंद पडलेला पडदा कोणास फसवीत नाही. पडदा बंद आहे हे उघड दिसते, म्हणून माणूस चौकशी करतो. चालू दिसणारा परंतु थांबलेला आकडा अधिक घातक होय.

यास्तव चांगल्या योजनेत माहितीशेजारी ती केव्हा आली ती वेळ दाखवितात, आणि ठरलेल्या मुदतीत नवी न आल्यास जुना आकडा काढून टाकतात. विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावर आकडा दिसला की "किती?" एवढेच विचारून थांबू नका, "केव्हाचा?" हेही विचारा. वडीलधाऱ्यांबरोबर पेढीवर गेलात तर हा प्रश्न अवश्य करा. प्रामाणिक दुकानदारास त्याचा राग येणार नाही.