हट्टीच्या खाणीतली गोष्ट मुलांना सांगा

अलीबाबाची गुहा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दार उघडले की आत सोन्याच्या राशी. त्या राशी चोरांच्या होत्या हे मुलांना आठवते, पण चोरांच्या आधी ते सोने कोणाचे होते आणि ते जमिनीतून कोणी काढले, हे गोष्टीत येत नाही. सोन्याच्या खाणीतल्या गोष्टीत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. तिथे सोने आयते मिळत नाही. म्हणून इतिहास आणि कल्पना यांची सांगड घालून मुलांना एखादी साहसकथा सांगायची असेल, तर खाणीसारखी दुसरी जागा नाही.

अशी खाण आपल्यापासून फार लांबही नाही. कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात हट्टी नावाचे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नांदेड आणि रायचूर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. हिमायतनगरच्या आजोबांच्या पिढीला रायचूर परके नव्हते. हट्टीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीने खाण चालवली. १९२० च्या सुमारास ती बंद पडली. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली आणि काम पुन्हा सुरू झाले. तिथे आजही सोने निघते.

पण खरे नवल त्याहून जुने आहे. नव्या काळातले इंजिनीअर तिथे उतरले तेव्हा त्यांच्या आधीच कोणीतरी सुमारे ६४० फूट खोल खोदून गेलेले होते. अडीच कुतुबमिनार एकावर एक रचले तरी ती खोली भरणार नाही! जुन्या खोदकामातल्या लाकडाच्या तपासणीवरून ते काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरते. तेव्हा सुरुंगाची दारू नव्हती, वीज नव्हती, पाणी उपसायला पंप नव्हते. खडकाशी लाकडे रचून जाळ करायचा, खडक चांगला तापला की त्यावर पाणी ओतायचे, तडे गेले की छिन्नी-हातोड्याने तुकडे काढायचे. ते वर आणायचे, कुटायचे, दळायचे आणि पाण्यात धुवायचे. एवढे करून टनभर दगडातून हाती येणार ते काही ग्रॅम सोने. त्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

नाव सापडले ते राजाचे. त्याच जिल्ह्यातल्या मस्की इथे १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनीअरला खडकावर कोरलेला एक लेख दिसला. तोपर्यंत सापडलेल्या आज्ञालेखांत राजा ‘देवांचा प्रिय’ अशा बिरुदांनीच बोलत होता. मस्कीच्या लेखात प्रथमच ‘अशोक’ हे नाव वाचायला मिळाले. सोने शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती इतिहास लागला. मुलांच्या गोष्टीला याहून चांगले वळण कोणते हवे?

आता यातून गोष्ट रचा. एक बहीण आणि एक भाऊ खाणीत उतरतात. हातात कंदील आहे. जितके खाली जावे तितका काळ मागे जातो, एवढीच काय ती जादू. पहिल्या मजल्यावर निजामाच्या काळातले मजूर भेटतात, अगदी तळाशी दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे. धुराने डोळे चुरचुरतात, वरून पाणी ठिबकते, जाळ विझल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोष्टीत राक्षस घालण्याची गरज नाही. धूर, अंधार, कोसळणारा दगड आणि माणसाची हाव एवढे पुरे आहे. काही पालकांना जादूच्या गोष्टींची धास्ती वाटते. त्यावर उपाय सोपा आहे. गोष्ट संपली की विचारा, ‘यातले खरे काय आणि रचलेले काय?’ मुले फार नेमके उत्तर देतात.

हावेची गोष्ट आपल्याला नवी नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-कसस मध्ये कारूनचा वृत्तान्त आहे. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलतानाच धट्टीकट्टी माणसे थकत. त्याचा थाट पाहून लोकांना हेवा वाटला, आणि तो घरादारासह जमिनीत गाडला गेला तेव्हा तेच लोक हादरले. दुसरे टोक मालीचा बादशहा मन्सा मूसा याचे. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने काहिरात इतके सोने वाटले की तिथला सोन्याचा भाव पुढे कित्येक वर्षे उतरलेला राहिला. सोने तेच. एकाने ते कोंडून ठेवले, दुसऱ्याने हात सैल सोडला.

ही गोष्ट सांगण्याची निकड मात्र आजची आहे. आपली मुले सोन्याबद्दल घरात काय ऐकतात? आजचा भाव, कोणाच्या लग्नात किती तोळे, पीक गेल्यावर गहाण पडलेल्या अम्मीच्या बांगड्या. मेहर हा मुलीचा हक्क आहे, तो नवऱ्याने द्यायचा. तरी अनेक घरांत तोळ्यांची बोलणी उलटी, मुलीच्या बापाशीच होतात. हे सगळे मूल कोपऱ्यात बसून ऐकत असते. साडेसात तोळ्यांवर जकात लागते, हे मात्र त्याच्या कानावर क्वचितच पडते.

म्हणून गोष्टीचा शेवट तुम्ही सांगू नका. बहीण-भाऊ वर येताना त्यांना कोणीतरी फार पूर्वी पुरून ठेवलेले एक मडके सापडते. आत सोन्याची नाणी आहेत. अशा जुन्या पुरलेल्या धनाचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांना सांगा. मग पन्नास नाणी मांडा, चिंचोके घेतले तरी चालतील, आणि हिशेब मुलांनाच करू द्या. उरलेल्या चाळीस नाण्यांचे काय करायचे, यावर भावंडांत भांडण होईल. ते होऊ द्या. त्या भांडणात तळाशी राहिलेल्या माणसांची आठवण कोण काढते, तेवढे ऐका.